दोराला हात लावायचा नाही

पंप आणायची अक्कल कुणाची, असं नंतर सगळ्या गल्लीने विचारलं, तेव्हा मिस्त्रीला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती. अक्कल त्याचीच. आणि खरं सांगायचं तर अक्कल हा शब्द त्या दिवशीच्या त्याच्या कारभाराला जरा मोठाच होतो.

वादळ येऊन गेलं त्याला दोन महिने होत आले होते. त्या दिवशी समुद्र गल्लीत शिरला तो पाहुण्यासारखा नाही, सासऱ्यासारखा शिरला, आणि घराघरांतून हवं ते घेऊन गेला. शाळेच्या कठड्याला एक होडी जाऊन टेकली ती अजून तिथेच होती. मिस्त्री होड्या बांधायचा, दुरुस्त करायचा. त्याची शेड गेली, करवती गेल्या, रंधे गेले. लाकूड तासायचा वाकस तेवढा चिखलात सापडला, तोही दांड्याशिवाय. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना द्यायच्या. त्यातल्या एकीवर आता ताडपत्री होती आणि दुसरी कशीबशी शाबूत होती. होड्या नाहीत म्हणजे काम नाही, आणि पाणी नाही म्हणजे पाहुणे नाहीत, असा सगळा मामला होता.

पाण्याचं असं झालं होतं की गल्लीच्या विहिरीत समुद्र भरला होता. गल्लीत विहीर एकच. वादळानंतरच्या आठवड्यात विहिरी खणणारे आबा काठीवर भार देत आले, विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "मरत नाही ही. पण हिला ओरबाडू नका. रोज थोडं थोडं उपसा, थांबा, झऱ्याला यायला वेळ द्या. हाताने उपसा. एकदम रिकामी केलीत तर खालून समुद्र आत येईल, मग बसा बोंबलत."

तेव्हापासून घरटी पाळी लागली. सकाळी ज्याची पाळी असेल त्याने पोहरा सोडायचा, ठरलेलं उपसायचं आणि दोर पुढच्या घराच्या हातात द्यायचा. पाळी चुकवायची नाही, आणि जास्त उपसून शहाणपणा करायचा नाही. शेवटी मासे विकणारी मावशी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, गालात खेळवायची आणि निकाल द्यायची. पहिले कितीतरी दिवस निकाल एकच, "थू." मग एके दिवशी म्हणाली, "भांड्यांना चालेल." मग, "आंघोळीला चालेल, डोळ्यांत नका घालू." आणि एका सकाळी मावशीने पाणी गिळलं. सगळे तिच्या गळ्याकडे बघत राहिले. "चहाला चालेल," ती म्हणाली, आणि गल्लीतल्या बायका भर विहिरीवर एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

त्याच दिवशी दुपारी ड्रायव्हरचा फोन आला.

ड्रायव्हर म्हणजे एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. दरवर्षी बायकोला घेऊन मिस्त्रीच्या मागच्या खोलीत येऊन राहायचा. मोठ्या आजारातून उठला तेव्हा इथल्याच वाळूत बायकोच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा चालायला शिकला होता, त्यामुळे त्याचा या घरावर जीव. फोनवर त्याने आधी सगळ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "मिस्त्री, खरं सांग. येऊ का? यायची फार इच्छा आहे. पण तुमच्या डोक्यावर ओझं होणार असेल तर नाही येत. पुढच्या वर्षी बघू."

"असं कसं दादा, या की!"

"पाण्याचं काय आहे?"

इथे मिस्त्रीची जीभ घसरली. "पाणी?" तो म्हणाला. "पाणी आता अगदी पहिल्यासारखं गोड."

फोन ठेवला आणि तो विहिरीत डोकावून आला. चहाला चालणारं पाणी वेगळं आणि पहिल्यासारखं गोड वेगळं. मोठ्या आजारातून उठलेला माणूस, त्याला असलं मचूळ पाणी पाजायचं? दोन महिन्यांत पहिला पाहुणा येतोय, आणि तो आला, नीट राहिला, तर त्याच्या तोंडून आणखी चार जणांना कळेल की इथे आता येता येतं. मिस्त्रीने असा सगळा विचार केला. फक्त आबा काय म्हणाले होते, तेवढाच केला नाही.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर मदतीचा ट्रक आला आणि गल्ली तिकडे धावली. मिस्त्री वीटभट्टीवर गेला, डिझेलचा पंप हातगाडीवर घालून आणला आणि पाइप विहिरीत सोडला. राहिलेला खारटपणा एका दुपारीत काढून टाकू, पाहुणे यायच्या आत झरा भरेल, असा हिशोब. पंप ढकढक करत राहिला. पाणी उतरलं, आणखी उतरलं, तळाचा गाळ दिसला. मिस्त्रीला वाटलं, झालं, विहीर साफ झाली. त्याला त्या वेळी स्वतःचं कौतुकही वाटलं, हे त्याने नंतर बायकोलाच सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही.

संध्याकाळपर्यंत पाणी परत चढलं. स्वच्छ, निळसर, बघत राहावं असं. मावशी ट्रकवरून परतली होती. ट्रकमध्ये कुणीतरी गळ्यात बांधायचे टाय आणि उंच टाचांच्या चपला पाठवल्या होत्या, त्यातल्या एका टायने तिने माशांची पाटी बांधली होती आणि त्यावरून ती सगळ्यांना हसवत होती. हसत हसतच तिने ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

तिने ते थुंकलं नाही. तोंडातून ते आपोआप खाली सांडलं. मग तिने ओल्या दगडांवर पडलेले पंपाच्या पाइपचे वळ बघितले, डिझेलचा वास घेतला, आणि मिस्त्रीकडे बघितलं.

"काय केलंस रे?" ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आबांना बोलावलं. आबांनी पाणी चाखायचीही तसदी घेतली नाही. "समुद्र आला आत," म्हणाले. "आता परत पहिल्यापासून उपसा."

पुढे काय काय बोलणी झाली ती सांगण्यात अर्थ नाही. कुणी अंगावर धावून गेलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मावशीने फक्त कप्पीवरचा दोर सोडला, गुंडाळला आणि काखेत घेतला. "पाळ्या उद्यापासून परत सुरू," ती म्हणाली. "मिस्त्रीच्या घराची पाळी नाही. ह्याने दोराला हात लावायचा नाही."

बायको घरी आल्यावर इतकंच म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं."

"तू ट्रकवर होतीस."

"ट्रक काय दुसऱ्या देशात होता?"

मिस्त्री रात्री जेवला नाही. सकाळी उजाडता उजाडता त्याने हातगाडीवर पिंपं चढवली आणि डोंगराच्या पायथ्याच्या नळावर गेला. जाताना चढ, येताना उतार, आणि उतारावर भरलेली गाडी अंगावर येते म्हणून उलटं होऊन पाठीने अडवत आणावी लागते. पाठ सोलवटून निघाली. गल्लीत आल्यावर त्याने दारोदारच्या घागरी भरल्या. कुणी नको म्हटलं नाही. मावशीच्या दारात मात्र तिची घागर पालथी घातलेली होती. तो थोडा वेळ उभा राहिला आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशीही पालथी. तिसऱ्याही.

शहरातून मेहुण्याचा निरोप आलेलाच होता. फर्निचरच्या कारखान्यात जागा आहे, या. मिस्त्री बायकोला म्हणाला, "जाऊ या. गल्ली आपल्याला विहिरीवर उभं करत नाही, इथे राहून काय करायचं?"

"पाहुणे येताहेत ना? ते जाऊ देत, मग बोलू," बायको म्हणाली आणि चादरी झटकायला गेली.

पाहुणे आले ते एवढंसं सामान घेऊन. रस्ता अर्ध्यातून खचलेला, पुढचं सगळं पायी. मिस्त्री हातगाडी घेऊन सामोरा गेला तर त्यात ठेवायला एक पिशवी. ड्रायव्हरची बायको, तिला सगळे ताई म्हणत, हसून म्हणाली, "मुद्दाम कमी आणलंय हो. तुमच्या घरी धुणं वाढवायचं नाही, असं ठरवून निघालोय. लागेल ते इथल्याच दुकानातून घेऊ." शाळेजवळून जाताना कठड्याला टेकलेल्या होडीचे फोटो काढत दोन-तीन परके लोक उभे होते. ताईंनी मिस्त्रीला विचारलं, "कुणाची हो होडी? माणसं ठीक आहेत ना?" माणसं ठीक आहेत म्हटल्यावर त्यांनी समुद्राकडे बघून हात जोडले. मिस्त्रीला एवढ्या दिवसांत होडीबद्दल विचारणारे खूप भेटले होते, माणसांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी त्याने काही सांगितलं नाही. नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या न्हाणीत भरून ठेवल्या. बायकोने डोळ्यांनी दोनदा खुणावलं, त्याने दोनदा मान फिरवली.

सकाळी ड्रायव्हर खांद्यावर टॉवेल टाकून थेट विहिरीवर. दरवर्षीची सवय. विहिरीवर गल्ली उभी, दोर मावशीच्या हातात. मिस्त्री गाडीला पिंपं बांधत होता तिथून त्याला सगळं ऐकू येत होतं.

"इथलं नका घेऊ," मावशी म्हणाली.

"का बरं? मिस्त्री म्हणाला पाणी गोड झालंय."

"होत आलं होतं. त्याची बायको सांगते, तुम्हाला गोड पाजायचं म्हणून त्याने पंप लावला आणि घालवलं. आता नव्याने बसलोय उपसत."

ड्रायव्हरचा आवाज म्हणजे बस चालू नसतानाही बसच्या वरचा. पण त्या वेळी त्याने नुसता टॉवेल खांद्यावरून काढला, हातात धरला आणि परत फिरला. मिस्त्रीजवळून जाताना थांबला.

"विचारून आलो होतो रे मी," तो म्हणाला. "ओझं नको म्हणूनच विचारलं होतं."

मिस्त्रीची मान जी खाली गेली ती वर आली नाही.

आत जाऊन दोघांनी पिशवी भरली. मिस्त्रीची बायको दारात उभी राहून रडत होती. ताई तिचे डोळे पुसत म्हणत होत्या, "रागावून नाही हो जात. पण आमच्यापायी एवढं झालं, आता वर आणखी दोन माणसांचं पाणी कुठून आणणार तुम्ही?" मिस्त्री अंगणात नुसता उभा. थांबा म्हणावं तर कुठल्या तोंडाने?

ती दोघं गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा मावशी पाटी डोक्यावर घेऊन समोर आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"कुठे निघालात?"

"घरी," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्यामुळे तुमचं पाणी गेलं. आणखी त्रास नको."

"वा!" मावशीने पाटी खाली ठेवली. "पाणी गेलं ते गेलं, आता पाहुणेही जाणार! मग त्याने घालवलं कशासाठी? काहीतरी हाताला लागू द्या की आमच्या! दोन महिन्यांत या गल्लीत मुक्कामाला आलेली पहिली माणसं तुम्ही. येतात ते फोटो काढतात आणि तोंड फिरवून जातात. मी मासे कुणाला विकू, होडीला?"

"पण मावशी, पाणी..."

"पाणी उपसायला हात आहेत ना? मिस्त्रीच्या घराची पाळी रिकामी आहे, ती तुम्ही घ्या. हळू उपसायचं, सांगितलं तेवढंच. आणि तो जवळ यायचा नाही."

ताईंनी पिशवी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली. "चला," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोर ओढा, मी पोहरा रिकामा करते."

तर असं झालं की मिस्त्रीच्या घराची पाळी पाहुण्यांनी ओढली आणि घरमालक लांब गाडीपाशी उभा राहून बघत राहिला. याच्यासारखी लाज नाही आणि याच्यासारखे उपकारही नाहीत. ड्रायव्हरचा पहिला पोहरा अर्धा भिंतीवर सांडला. बायका हसल्या. "स्टेअरिंग नाहीये ते," मावशी म्हणाली, "गरागरा फिरवू नका." दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहातांना फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले, मिस्त्रीच्या बायकोने त्यांवर तेल लावून चिंध्या बांधल्या. आंघोळीला दोघांत एक बादली. ताईंनी ती आधी डोक्यावर घ्यायची, मग तेच पाणी परातीत धरून कपड्यांना वापरायचं, असा नेम करून टाकला आणि मिस्त्रीच्या बायकोलाही शिकवला.

पाळी झाली की ड्रायव्हर गाडीला हात लावायला यायचा. मिस्त्री नको नको म्हणायचा, तो ऐकायचा नाही. "जन्मभर माणसं वाहिली," म्हणायचा, "पाणी त्यापेक्षा बरं. मध्येच उतरवा म्हणत नाही." उतारावर दोघं पाठीने गाडी अडवत यायचे. ड्रायव्हर मध्येच "थांबा, थांबा, उतरणारे उतरू द्या!" असं ओरडायचा आणि मिस्त्रीला इतक्या दिवसांनी हसू फुटायचं.

एकदा चढावर दम खायला बसले असताना मिस्त्रीने मेहुण्याच्या निरोपाचं सांगितलं. "तुम्ही गेलात की आम्हीही निघतो, दादा. मावशीची घागर अजून पालथीच असते. त्या घागरीपुढे रोज उभं राहवत नाही."

ड्रायव्हरने चिंधी सोडून तळहातावर फुंकर घातली. "जायचं तर जा," तो म्हणाला. "पण मला एक सांग, तिला तू काय बोललास?"

"कधी?"

"कधीही. पंप लावल्यापासून."

मिस्त्रीने आठवून बघितलं. खरंच काही बोलला नव्हता. तो दारोदार पाणी ओतत होता आणि कुणी बाहेर यायच्या आत पुढच्या दारात जात होता.

त्या सकाळी मावशीच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्याने पिंपाला हात लावला नाही. कडी वाजवली. मावशी मासे साफ करत होती, तशीच सुरी हातात घेऊन बाहेर आली.

"मावशी, चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला. "पाहुण्याला पाणी गोड आहे असं सांगून बसलो होतो. मग ते खरं करायला गेलो. आबांनी सांगितलेलं ठाऊक होतं. तरी केलं. तुम्ही सगळ्यांनी उपसलेलं मी एका दुपारीत घालवलं."

"हे बोलायला इतके दिवस लागले?"

"तोंड नव्हतं मावशी."

"पंप मागायला बरं तोंड होतं!"

मावशीने सुरीच्या पाठीने खवले झटकले. तिचा आवाज जरा खाली आला. "त्या दिवशी चहाला चालेल म्हटलं ना मी, तर घरी जाऊन खरंच चहा केला होता. वादळानंतर पहिला, आपल्या विहिरीचा. कप घेऊन इथे पायरीवर बसले होते. वाटलं, जगलो आपण. दोन दिवसही टिकू दिलं नाहीस ते."

मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दारातली पालथी घागर पायाने सरळ केली आणि त्याच्यापुढे सरकवली. "भर," म्हणाली, "आणि काठापर्यंत भर. एवढ्याने काही फिटत नाही."

पाहुणे ठरल्यापेक्षा जास्त राहिले, पण शेवटी जायचा दिवस आलाच. मावशीने त्यांना सुकवलेले मासे बांधून दिले, त्या टायनेच. ड्रायव्हरने मिस्त्रीला मिठी मारली. "पुढच्या खेपेला फोन करीन तेव्हा खरं सांग," तो कानाशी म्हणाला. "वाईट असेल तरी येईन, पण मग पोहऱ्याची तयारी करून येईन." मिस्त्रीची बायको ताईंना सोडेचना. मिस्त्री त्यांना खचलेल्या रस्त्यापर्यंत पोचवून आला. येताना रिकामी गाडी त्याला भरल्या गाडीपेक्षा जड लागली. या माणसांचे आभार कसे मानायचे असतात, हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं, आणि सुचलं नाही म्हणूनच तो वाटेत मोठ्याने रडला.

घरी आला तर बायको ट्रंकेपाशी बसलेली. उघडी होती, पण आत काही ठेवलेलं नव्हतं. "शहरात काय कळवायचं?" तिने विचारलं.

"तूच सांग."

"माझं विचारता का? मग मी इथून हलत नाही," ती म्हणाली. "पण विहिरीवर उभं करत नाहीत तोवर राहायचं कसं, ते मलाही कळत नाही." दोघं उघड्या ट्रंकेकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा गाडी घेऊन निघाला. विहिरीवरून जाताना त्याने सवयीने मान खाली घातली. पाळ्या चालू होत्या. शेजारच्या घराने दोर खाली ठेवल्याचा आवाज आला. आता मिस्त्रीच्या घराचा नंबर, आणि ओढायला पाहुणे नव्हते. कप्पी गप्प झाली. मिस्त्रीने पाय उचलले.

"अरे मिस्त्री!" मावशी ओरडली. "गाडी घेऊन कुठे चाललास? तुझी पाळी कुणी ओढायची, मी?"

तो थांबला. वळून बघायला त्याला वेळ लागला. मावशी दोराचं टोक पुढे करून उभी होती. बाजूला आबा काठी टेकून बसले होते. सगळे वाट बघत होते.

त्याने गाडी तिथेच सोडली. दोर हातात घेतला तेव्हा तो ओला आणि गार होता, आणि आधी किती जणांच्या हातांतून आलेला होता. पोहरा खाली सोडला. "हळू," आबा म्हणाले. तो हळूच ओढायला लागला, पण ओढता ओढता त्याचा बांध फुटला आणि तो काठावर ओणवा होऊन लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. दोर मात्र त्याने सोडला नाही.

"बाजूला हो रे जरा," मावशी म्हणाली. "विहिरीत रडू नकोस. आधीच खारट आहे."

सगळी गल्ली हसली. मिस्त्रीनेही हसत हसत बाहीने तोंड पुसलं, पोहरा रिकामा केला आणि परत सोडला.